डबलबेडएवढं भोक आणि हातात भाला: गोठलेल्या सरोवरात एवढा बर्फ का कापतात?

पांढऱ्याशुभ्र माळरानासारख्या जागेत एक माणूस चेनसॉने मोठा चौकोन कापतोय, बाकीचे बांबूसारख्या लांब काठ्यांनी बर्फाची लादी पाण्यात ढकलतायत. हिवाळ्यात असे रील्स फिरायला लागले की कमेंट हमखास येते, 'मासे पकडायला एवढं मोठं भोक कशाला?'

प्रश्न बरोबर आहे. गळाने मासे पकडायचे असतील तर ८-१० इंचांचं गोल भोक पुरतं. दोरी खाली सोडायची आणि वाट बघायची. मासा दिसायची गरजच नसते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात विनेबागो सरोवरावर मात्र फेब्रुवारीत गळ नाही, भाला चालतो. इथे स्टर्जन नावाचा प्रचंड मासा मिळतो. २०१० मध्ये पकडलेला एक स्टर्जन २१२.२ पौंडांचा, म्हणजे ९६ किलोंचा होता. भाला मारायचा तर मासा आधी दिसला पाहिजे आणि तो तर खालून क्षणात निघून जातो. म्हणून खिडकी जितकी मोठी तितकं बरं. नियमाने ४८ चौरस फुटांपर्यंत भोक पाडता येतं. ६ बाय ८ फूट धरा, घरातल्या डबलबेडपेक्षाही मोठं.

त्यावर बिनखिडकीची खोपटी ठेवतात. आत काळोख असल्यामुळे पाण्यावर प्रतिबिंब पडत नाही. आजूबाजूच्या बर्फातून झिरपलेला उजेड पाण्यात उतरतो आणि तळ दिसतो. सरोवर उथळ आहे, सगळ्यात खोल जागी जेमतेम २१ फूट. तरी पाणी गढूळ असलं की तासन् तास बसून हाती काहीच लागत नाही.

आता कापलेल्या बर्फाचं काय? बर्फ १ फूट जाड असेल तर एवढ्या लादीचं वजन साधारण सव्वा टन भरतं. मारुती अल्टोपेक्षा जास्त! ती वर ओढायची म्हणजे दिव्यच. पण बर्फ पाण्यापेक्षा फक्त ८ टक्क्यांनी हलका असतो. त्यामुळे तरंगणारी लादी पाण्याखाली दाबायला त्या वजनाच्या जेमतेम अकराव्या हिश्शाइतकाच जोर लागतो. तुकडे केले तर काम आणखी सोपं. एक कड दाबायची आणि लादी शेजारच्या बर्फाखाली सरकवायची. ती तिथेच वरच्या बर्फाला चिकटून गोठते.

शिकारीवर बंधनंही कडक आहेत. हंगाम फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होतो, जास्तीत जास्त १६ दिवस चालतो आणि ठरलेली संख्या भरली की आधीच बंद होतो. वेळ सकाळी ७ ते दुपारी १. एकाला एकच मासा. कारण स्टर्जनच्या मादीला पहिल्यांदा अंडी घालायलाच वीसेक वर्षं लागतात.

खरी भीती मात्र खोपटी हलवल्यानंतरची. उघड्या भोकावर पुन्हा बर्फ धरतो, पण पातळ. त्यावर भुरभुर बर्फ पडला की वरून सगळं सारखंच दिसतं. त्यात हा भुसभुशीत थर गोधडीसारखं काम करतो आणि खालचं गोठणं मंदावतं. चालायला किमान ४ इंच चांगला बर्फ हवा, स्नोमोबाईलला त्याहून जास्त. भोकावर तो १-२ इंचच असू शकतो. याच सरोवरावर लोक गाड्याही चालवतात, हे विसरून चालणार नाही.

आत पडलेल्या माणसाला साधारण १ मिनिट श्वास सावरायला मिळतं. हातपाय नीट चालतात ते १० मिनिटं. भोकाची कड ओली आणि गुळगुळीत, पकडायला काहीच नसतं. म्हणून जाणकार मासेमार गळ्यात दोन टोकदार खिळ्यांच्या मुठी अडकवतात. त्या बर्फात रोवून, पाय मागे झाडत पोटावर सरपटत बाहेर यायचं. आणि लगेच उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं, नाहीतर कड पुन्हा तुटते.

सगळ्यात साधा उपाय भोक पाडणाऱ्याच्या हातात असतो. निघताना तिथे झाडाची फांदी किंवा लाकडी पट्टी उभी करून ठेवायची. पांढऱ्या मैदानात ती लांबून दिसते.