बंबाचे तोंड उघडे ठेवा

नरकचतुर्दशीला आमच्या माणिकपूरच्या घराला जाग यायची ती फटाक्यांनी नव्हे, बंबाच्या धुराने. पहाटे साडेतीनलाच मोठी काकू उठून न्हाणीघरात गेलेली असे. घरात लहानमोठी चौदा माणसे आणि सूर्य उगवण्याच्या आत सगळ्यांची अभ्यंगस्नाने आटोपायची. जो उशिरा आंघोळ करील तो नरकात जाईल, अशी धमकी आम्हा मुलांना मिळे. पाणी तापवणाऱ्या काकूची आंघोळ मात्र सगळ्यांत शेवटी, उन्हे अंगणात उतरल्यावर.

वसईची थंडी ती केवढी! डिसेंबर-जानेवारीतल्या चार पहाटा. त्यामुळे लाकडे पेटवून घर तापवण्याची वेळ आमच्यावर कधी आली नाही. तापवायचे ते पाणी; पण एवढ्या मोठ्या घराचे पाणी बारा महिने तापवायचे म्हणजे लाकडांचा डोंगर लागे.

ज्यांनी बंब पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचे पिंप, त्याच्या मधोमध उभे नळकांडे, नळकांड्यात खाली जाळी. जाळीवर लाकूड जळते, राख खाली पडते, धूर वरून जातो आणि पाणी जाळाच्या सभोवती असते. चुलीवरच्या हंड्याला आच फक्त बुडाशी लागते, बाकीची आजूबाजूला उडून जाते. बंबात आच मध्ये कोंडलेली. ज्या कोणा तांबटाने ही रचना प्रथम केली, त्याला उष्णतेचे शास्त्र हाताने कळलेले होते.

लाकडे दोन वाटांनी येत. वाडीतल्या झावळ्या, करवंट्या, सोडणे ही घरची. बाकीची तुंगारेश्वरच्या बाजूने आदिवासी बायका डोक्यावरून आणीत. रूळ ओलांडून त्या सकाळीच दारात उभ्या राहत. आजोबा घासाघीस करून मोळी घेत आणि घरात बजावत, “लाकूड पुरवून जाळा.”

काकूने ते शब्दशः पाळले. मोठा जाळ म्हणजे उधळपट्टी, असे तिच्या मनाने घेतले. बंबाच्या खालच्या तोंडाशी ती एक वीट लावून ठेवी, म्हणजे लाकूड सावकाश धुमसत राही. पावसाळ्यात तर ओले लाकूड आणि वर ती वीट. फुंकणीने फुंकून तिचे डोळे लाल होत.

एकदा बंबाची तोटी गळू लागली म्हणून तांबट आला. त्याने नळकांड्यात बोट फिरवले. बोटाला डांबरासारखा चिकट काळा थर आला. “काकी, लाकूड जाळता की धुरी देता?” तो म्हणाला. “हे तुमचंच लाकूड. पैसे देऊन आणलेलं आणि न जळता इथं चिकटलेलं. ती वीट काढा. तोंड उघडं ठेवा.”

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. लाकूड तापले की त्यातला मोठा भाग वायुरूपाने बाहेर पडतो. त्या वायूला भरपूर हवा आणि कडक आच मिळाली तर त्याची ज्योत होते, नाही तर धूर. म्हणजे धूर हे न जळलेले इंधनच. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचे असते. ते पाणी उडवण्यात आच खर्ची पडते आणि जाळही थंडावतो.

हिशेबच मांडून पाहा. चौदा जणांना प्रत्येकी पंधरा लिटर पाणी, २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला ४,२०० किलोकॅलरी लागतात. किलोभर सुके लाकूड साधारण ३,५०० किलोकॅलरी देते. आचेचा कणही वाया गेला नाही तर सव्वा किलो लाकूड पुरे. तीन दगडांच्या उघड्या चुलीत दहातला एखादाच भाग भांड्याला मिळतो, तिथे बारा किलो लागेल. बंबात निम्मी आच जरी पाण्यात उतरली, तरी अडीच किलोंत काम भागते.

जिथे घरेच तापवावी लागतात, त्या थंड देशांनाही हेच शिकावे लागले. स्वीडनमध्ये सरपणाची टंचाई झाली तेव्हा १७६७ साली क्रोनस्टेट आणि व्रेडे या दोघांनी राजाज्ञेवरून विटांची नवी शेगडी आखली. तिच्यात धूर सरळ वर न जाता नागमोडी वाटांनी खालीवर फिरे आणि आपली उष्णता विटांना देऊन मग बाहेर पडे. थोडा वेळ जोमदार जाळ करायचा. तापलेल्या विटा पुढे कितीतरी तास खोली उबदार ठेवत. आपल्याकडची पावाची जुनी भट्टी याच जातीची. तिथेही विटांनी साठवलेल्या आचेवर पाव भाजतात. बंबात विटांचे काम पाणी करते. सुके लाकूड, मोकळी हवा, जोमदार जाळ आणि आच धरून ठेवणारे काहीतरी, एवढेच सूत्र.

आमच्याकडे वीट निघाली. लाकडे उन्हाळ्यातच घेऊन, मनगटाएवढी फोडून पडवीत रचली जाऊ लागली. मोळ्या निम्म्यावर आल्या, असे आजोबा सांगत. काकूला पाऊण तास जास्त झोप मिळू लागली.

पण तोवर तिचा खोकला मुरला होता. पुढे डॉक्टरांनी विचारले, “विडी-तंबाखू काही?” काकू नुसती हसली. तिच्यासारख्या कितीजणी! सरकारने १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम काढला, २००२च्या सुमारास तो आटोपला. २०१६ साली उज्ज्वला योजनेचे सिलिंडर आले. तरी पुन्हा सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पेटतेच. लाकूड वाचवण्याचा विचार पुष्कळ झाला. ते वाहणारीची मान आणि फुंकणारीची छाती मात्र आम्ही हिशेबात धरली नव्हती.

घर पाडून तिथे इमारत झाली. बंब आता माझ्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे त्याचे कौतुक करतात, किंमत विचारतात. खालच्या तोंडाशी वीट घासून पडलेला ओरखडा आहे. पॉलिशवाला म्हणाला, “साहेब, हा काढून टाकू?”

मी म्हटले, “राहू दे.”