वरळीचा मनोरा आणि इंग्रजीचा अर्धा तास

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ पासून प्रायोगिक प्रक्षेपण चालू होते. त्यानंतर तेरा वर्षांनी उभे राहिलेले हे देशातले दुसरे केंद्र. वरळीला पांडुरंग बुधकर मार्गावर केंद्राची इमारत आहे आणि तिच्याच आवारात ३०० मीटर उंचीचा पोलादी मनोरा. सुरुवातीला हे केंद्र आकाशवाणीचाच एक विभाग होते. १ एप्रिल १९७६ रोजी दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून वेगळी काढण्यात आली आणि दूरदर्शन हे स्वतंत्र खाते झाले. महाराष्ट्रात निव्वळ इंग्रजीतली सरकारी स्थानिक वाहिनी कधीच निघाली नाही. स्थानिक इंग्रजी कार्यक्रमांना जी जागा मिळाली ती मुख्यतः या केंद्राच्या संध्याकाळच्या वेळापत्रकात, मराठी, हिंदी आणि गुजरातीच्या शेजारी.

केंद्राचे नाव मुंबईचे असले तरी ते दिसे मुंबईबाहेरही. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्या कुठवर पोचतील हे मुख्यतः मनोऱ्याच्या उंचीवर ठरते. ३०० मीटरच्या मनोऱ्याला सपाट मुलखात सुमारे ७० किलोमीटरची मजल पडते. पनवेल वरळीच्या जवळजवळ थेट पूर्वेला, हवाई अंतराने तीसएक किलोमीटरवर. म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव हिशेबाने आरामात टापूत येत होते. प्रत्यक्षात मधल्या टेकड्या हिशेबात मोडता घालत. टेकडीवर आपटून वळसा घेऊन आलेली लहर सरळ आलेल्या लहरीच्या किंचित मागाहून पोचते, आणि पडद्यावर प्रत्येक चेहऱ्याशेजारी त्याचीच फिकट सावली उमटते. लहर क्षीण असली की मुंग्या दिसत. उपाय एकच, गच्चीवरचा किंवा कौलांवरचा अ‍ॅल्युमिनियमचा अँटेना. त्याचे तोंड पश्चिमेकडे करायचे, चपटी वायर खिडकीतून आत घ्यायची, आणि एकाने वर चढून अँटेना फिरवायचा, तर दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं, गेलं’ असे ओरडायचे. कावळा बसून दांडी कलली की हा खेळ पुन्हा पहिल्यापासून. संच ठेवायला टपाल खात्याचा परवाना लागे. ती अट १९८५ साली रद्द झाली.

पुण्याची गोष्ट निराळी होती. मध्ये सह्याद्री उभा असल्याने तिथे वरळीची लहर पोचणे शक्य नव्हते. म्हणून २ ऑक्टोबर १९७३ पासून पुण्यासाठी वेगळा प्रक्षेपक सुरू झाला आणि सिंहगडावरून मुंबईचेच कार्यक्रम पुणेकरांना दिसू लागले. पनवेलला अशा मधल्या टप्प्याची गरज पडली नाही.

एकच वाहिनी, संध्याकाळचे मोजके तास आणि प्रेक्षक चार भाषांचे, असा हा संसार होता. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, विनोदी नाट्यप्रवेशांचा ‘गजरा’, साहित्यिकांच्या भेटींचा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘ज्ञानदीप’ हे मराठीतले ठळक कार्यक्रम. हिंदीत ‘छायागीत’ आणि तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’, जो पुढे एकवीस वर्षे चालला. गुजराती कार्यक्रमांचीही वेळ ठरलेली होती. या साऱ्यात इंग्रजीच्या वाट्याला बातम्या आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचे काही कार्यक्रम येत. वाहिनी बदलायची सोयच नसल्याने एका भाषेचा कार्यक्रम संपला म्हणून कोणी संच बंद करत नसे; पुढचा कार्यक्रम परक्या भाषेतला असला तरी लोक बसून राहत. एरवी इंग्रजी फक्त पाठ्यपुस्तकात भेटणाऱ्या घरांना मुंबईत बोलली जाणारी इंग्रजी यामुळे आयती ऐकायला मिळाली.

इंग्रजी कार्यक्रमांत सर्वांत जास्त लक्षात राहिला तो ‘व्हॉट्स द गुड वर्ड’. सबिरा मर्चंट सूत्रसंचालन करत असलेला हा शब्दांचा खेळ पंधराएक वर्षे चालला. ना मोठी बक्षिसे, ना झगमगाट. स्पर्धकांची शब्दसंपत्ती आणि सूत्रसंचालिकेचे स्वच्छ उच्चार एवढ्याच भांडवलावर तो उभा होता. इंग्रजी बातम्या वाचणाऱ्यांत डॉली ठाकोर होत्या, तर मराठी बातम्या वाचणाऱ्यांत स्मिता पाटील, भक्ती बर्वे आणि १९७४ पासून प्रदीप भिडे. इंग्रजी वृत्तनिवेदकांपैकी अनेक जण रंगभूमी आणि जाहिरातक्षेत्रातून आलेले होते, म्हणून त्यांची भाषा लंडनची नव्हती आणि दिल्लीच्या दरबाराचीही नव्हती. ती दक्षिण मुंबईची होती. पनवेलच्या श्रोत्याला ती जवळची वाटण्याचे कारण नव्हते, पण निदान ज्या शहरात रोजची एसटी जात होती त्या शहराचीच होती.

काम कसे चालत असे, हे आजच्या डिजिटल काळात नीट सांगावे लागते. चित्रण कृष्णधवल. बातमीचे चित्रण १६ मिलिमीटर फिल्मवर होई. फिल्म धुऊन, कापून, जोडून झाल्यावरच ते दाखवता येई. त्यामुळे दुपारनंतर घडलेल्या घटनेची बातमी संध्याकाळी वाचली जाई खरी, पण तिची दृश्ये बहुधा नसत. अशा वेळी स्थिर छायाचित्र किंवा नकाशा पडद्यावर आणत, नाहीतर निवेदकाचा चेहराच पुरवत. बातम्या थेट प्रक्षेपित होत. निवेदक हातातल्या कागदांवरून वाचत आणि मधून मधून मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहत. मान नेमकी कधी वर करायची यातच त्यांचे कसब होते. स्टुडिओतले कार्यक्रम व्हिडिओ टेपवर घेतले जात. टेप परदेशातून येई आणि महाग असे, त्यामुळे प्रक्षेपणानंतर ती पुसून त्यावर दुसरे काही चित्रित करणे ही नेहमीची पद्धत होती. या काटकसरीची किंमत पुढच्या काळाने मोजली: सुरुवातीच्या वर्षांतले बरेचसे काम आज कोणत्याही रूपात शिल्लक नाही, आणि त्या काळचा अभ्यास करणाऱ्याला छापील वेळापत्रके व आठवणी यांवरच भागवावे लागते.

दोन कार्यक्रमांमधला वेळ निवेदिका भरून काढत. पुढच्या आठवड्याच्या कार्यक्रमांची ओळख ‘साप्ताहिकी’त होई. यंत्रणा रुसली की व्यत्ययाबद्दल दिलगिरीची पाटी लागे.

या व्यवस्थेला धक्का बसला तो १५ ऑगस्ट १९८२ रोजी. त्या दिवशी उपग्रहाच्या साहाय्याने दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंगीत प्रक्षेपणही तेव्हापासूनच, आणि नोव्हेंबरमधल्या आशियाई खेळांनी दोन्ही गोष्टी घरोघरी पोचवल्या. रात्रीचा मोक्याचा वेळ दिल्लीकडे गेला, इंग्रजी बातम्याही तिकडेच गेल्या. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ साली लघुशक्ती प्रक्षेपक देशभर झपाट्याने उभे राहिले. विस्ताराच्या दृष्टीने हे यश मोठेच होते. स्थानिक इंग्रजीच्या दृष्टीने मात्र हीच उतरण होती. मराठीला स्थानिक भाषा म्हणून संध्याकाळचा हक्काचा वेळ राहिला. इंग्रजी ‘राष्ट्रीय’ ठरली, आणि राष्ट्रीय ते दिल्लीचे, असे समीकरण होऊन बसले. वास्तविक मुंबईच्या नळाच्या पाण्याची किंवा पनवेलच्या फाटकाची बातमी इंग्रजीत देण्यात अराष्ट्रीय असे काही नव्हते.

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा इंग्रजी शैक्षणिक कार्यक्रम दिवसा दिसू लागला. त्यातले काही भाग पुणे विद्यापीठाच्या माध्यम संशोधन केंद्रात तयार होत. म्हणजे महाराष्ट्रात सार्वजनिक पैशातून इंग्रजी कार्यक्रमनिर्मिती चालूच होती, फक्त तिचा प्रेक्षक अवघा देश होता. १ मे १९८५ रोजी मुंबईत दूरदर्शनची दुसरी वाहिनी सुरू झाली, खास शहरी प्रेक्षकांसाठी. इंग्रजीला इथे जागा मिळेल असे वाटण्यासारखी परिस्थिती होती. पण २६ जानेवारी १९९३ रोजी चार महानगरांच्या दुसऱ्या वाहिन्या उपग्रहाने एकत्र जोडल्या गेल्या, त्यांची ‘मेट्रो’ झाली, आणि शहरी वाहिनीतले शहर निघून गेले. मेट्रोची जागा ३ नोव्हेंबर २००३ रोजी डीडी न्यूजने घेतली.

मराठीचा प्रवास उलट दिशेने झाला. १५ ऑगस्ट १९९४ रोजी मराठीची उपग्रह वाहिनी सुरू झाली आणि ५ एप्रिल २००० रोजी तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. १९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवण्याचे बंधन केबलचालकांवर घातले, त्यात राज्याच्या प्रादेशिक भाषेची वाहिनीही मोडते. पनवेलचा केबलवाला सह्याद्री टाळू शकत नाही. स्थानिक इंग्रजी वाहिनी टाळण्याचा प्रश्न येत नाही, कारण ती नाहीच.

अमेरिकेत घडी वेगळी आहे. तिथे सार्वजनिक दूरचित्रवाणी म्हणजे गावोगावच्या स्वतंत्र केंद्रांचा संघ. विद्यापीठ, शिक्षण मंडळ किंवा नागरिकांची संस्था स्वतःच्या नावावर परवाना घेते, प्रेक्षकांकडून देणग्या गोळा करते आणि १९७० पासून चालू असलेल्या पीबीएस या मध्यवर्ती संस्थेकडून हवे ते कार्यक्रम घेते. बॉस्टनचे केंद्र तर पीबीएसपेक्षा जुने, १९५५ चे. भारतात जमिनीवरून होणारे दूरचित्रवाणी प्रक्षेपण दूरदर्शनच्याच हाती राहिले. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. दूरदर्शन १९९७ साली प्रसार भारती या स्वायत्त महामंडळाकडे गेले. सामुदायिक रेडिओला २००२ साली शिक्षणसंस्थांसाठी आणि २००६ साली स्वयंसेवी संस्थांसाठी वाट मोकळी झाली. दूरचित्रवाणीसाठी अशी वाट काढलेली नाही. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाला किंवा २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेला स्वतःचे प्रक्षेपण करायचे म्हटले तरी परवाना मागण्याची सोय नाही. केबलवरच्या खाजगी स्थानिक वाहिन्या हा त्यातून निघालेला व्यवहारी मार्ग. त्या चालतात जाहिरातींवर, आणि बहुतेक मराठीत.

अ‍ॅनलॉग प्रक्षेपक देशभर टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि मोजकी मोक्याची ठिकाणे सोडली तर २०२२ पर्यंत ते काम आटोपले. २०१६ साली सोळा शहरांत डिजिटल जमिनी प्रक्षेपण सुरू झाले, त्यात मुंबई होती. पनवेलमध्ये सह्याद्री आता केबल, डीटीएच किंवा २००४ साली सुरू झालेल्या दूरदर्शनच्या मोफत डिशवर दिसते. दूरदर्शनच्या इंग्रजी बातम्या डीडी इंडियावर येतात, दिल्लीहून.