इन्सुलिन, माठ आणि परभणीचे ऊन

मधुमेह म्हटला की पन्नाशीचा माणूस डोळ्यांपुढे येतो. त्यामुळे आठ-दहा वर्षांचे पोर तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागले, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, चड्डी कंबरेवर ठरेना, तरी घरच्यांना वाटते, ऊन बाधले असेल. मग एक दिवस उलट्या, पोटदुखी आणि धाप. देवगाव फाट्याहून सेलू, सेलूहून परभणी, अशी धावपळ सुरू होते. कुणी जंताचे औषध देते, कुणी अंगारा लावते. साखर न बघताच ग्लुकोजचे सलाईन लागले, तर जिवावरच बेतते.

हा टाइप 1 मधुमेह. गोड खाल्ल्याने तो होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. 1922 साली टोरांटोत 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचले गेले, त्याआधी यावर इलाजच नव्हता.

पुण्यामुंबईतही हे दुखणे सोपे नाही. परीक्षेत रक्तातली साखर घसरली तर खायची साखरेची गोळी जवळ ठेवायला सीबीएसईची परवानगी मिळायला 2017 उजाडले. पण तिथे घरात फ्रिज आहे, बालरोगतज्ज्ञ जवळ आहे. इकडे इन्सुलिनची न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची आणि बाहेर मे महिन्यात पारा चाळिशीपार. फ्रिज असला तरी वीज असेलच असे नाही. अशा वेळी माठ कामी येतो. मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, वाळूत लहान मडके, त्यात घट्ट झाकणाच्या डबीत बाटली, वर ओले फडके. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची, भांडे सावलीत ठेवायचे. फ्रिजची सर येत नाही, पण वापरातली बाटली उन्हापासून वाचते. बर्फात मात्र ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते.

पण इन्सुलिन सांभाळण्याआधी आजार ओळखला तर गेला पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात. मूळ 30 आजारांच्या यादीत फेफरे होते, दातांची कीडही होती, मधुमेह नव्हता. बोटातल्या रक्ताच्या एका थेंबावर कळणारा आजार यादीबाहेर राहावा, हे मला पटत नाही.

अंगणवाडीताई, गुरुजी, आई-बाबा, एवढे कराच: मूल सारखे पाणी पीत असेल, सारखे लघवीला जात असेल, वाळत असेल, तर त्याच दिवशी साखर तपासून घ्या. आणि निदान झाल्यावर कुणी कसलाही काढा सुचवला, तरी इन्सुलिन एक दिवससुद्धा बंद करू नका.