साय, मद्य आणि लिंबू

मंडळी, विषयाचे नाव ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. ज्या राज्यात 1949 च्या दारूबंदी कायद्यातील परवान्याची अट अजून टिकून आहे, तेथे हे बोलणे धाडसाचेच. पण मी कोणाला प्यायला सांगायला आलेलो नाही. लंडनला भाच्याच्या घरी एका सायंकाळी जे घडले, त्याचे कारण तेवढे सांगणार आहे.

भाच्याने पाहुण्यांसाठी आयरिश क्रीम पेल्यांत ओतले आणि चव खुलावी म्हणून वर लिंबू पिळले. क्षणात पेल्यांत चोथा! आपल्या कोणत्याही आजीने हे आधीच सांगितले असते. दुधातील केसीन नावाच्या प्रथिनाच्या कणांवर ऋण विद्युद्भार असतो; त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. आम्लाने तो भार नाहीसा होतो आणि कण एकमेकांना बिलगतात. पनीर होते ते असेच. इंग्रजी पबांत तर ही फजिती मुद्दाम घडवून तिला ‘सिमेंट मिक्सर’ म्हणतात. थट्टेची ही कोणती तऱ्हा, देव जाणे.

मग त्या बाटलीतील साय मद्याने का नासत नाही? शंका रास्त आहे, कारण दूध संकलन केंद्रावर आंबूस दूध ओळखण्यासाठी त्यात मद्यार्कच घालून पाहतात. ताजे तगते, आंबूस फुटते. बेलीज 1974 साली बाजारात आले. त्यात मद्यार्क 17 टक्केच. शिवाय स्निग्धांश दाबाखाली फोडून इतका बारीक केलेला, की तो वर तरंगत नाही. हे काम कारखान्याचे; घरच्या रवीने ते साधत नाही.

घरी करण्याजोगा खरा प्रकार म्हणजे ब्रँडी अलेक्झांडर. कोन्याक, ‘क्रेम द काकाओ’ आणि ताजे क्रीम, प्रत्येकी 30 मि.ली. येथे नावाला भुलू नका: ‘क्रेम द’ म्हणवणाऱ्या मद्यात दुधाचा थेंब नसतो, असते ती साखर, युरोपीय नियमाने लिटरला निदान 250 ग्रॅम. तापवलेल्या दुधावरची आपली साय मात्र चालत नाही. तिचे पापुद्रे पेल्यात तरंगत राहतात. न तापवलेले, घट्ट, थंडगार क्रीम हवे. तिन्ही जिन्नस बर्फासह झाकणाच्या भांड्यात जोराने हलवावेत, की त्यांत हवा मिसळून फेस येतो आणि थोडे पाणी उतरून उग्रपणा निवतो. मग गाळून घ्यावे आणि वर जायफळ किसावे. बासुंदीवर किसतो तेच.

आणि येथेच खरा धोका आहे. हिशेब करा. कोन्याकमधून 12 मि.ली. शुद्ध मद्यार्क, काकाओ 25 टक्क्यांचे धरले तर त्यातून साडेसात; म्हणजे साडेएकोणीस. व्हिस्कीच्या लहान पेगात तो तेरांच्या आतच. दोन अलेक्झांडर म्हणजे तीन पेग झाले, पण जीभ सांगते की आपण मसाला दूध प्यालो! साखर आणि साय मद्याची जळजळ झाकतात; मद्यार्क तसूभर कमी करीत नाहीत.

त्या सायंकाळी लिंबाचे पेले मोरीत गेले आणि भाच्याने अलेक्झांडर केले. एका गृहस्थांनी “लहान मुलांचे पेय दिसते” असे म्हणत तीन रिचवले आणि मोटारीची किल्ली शोधू लागले. ती भाचेसुनेने केव्हाच डाळीच्या डब्यात टाकली होती.