बीसीजीच्या लशीत जिवंत जिवाणू असतात, मग टीबी का होत नाही?

तुमच्या दंडावर लहानसा गोल व्रण असेल, तर तो बहुतेक बीसीजीच्या लशीचा आहे. भारतात बाळ जन्मल्याबरोबर ही लस देतात. तिच्यातले जिवाणू जिवंत असतात, तेही टीबीच्या जिवाणूच्या अगदी जवळच्या नात्यातले. तरी बाळाला टीबी होत नाही, कारण या जिवाणूंचं एक महत्त्वाचं दार हरवलेलं आहे.

जिवाणू म्हणजे एकच पेशी. ना हात, ना दात. समोरच्या पेशीवर हल्ला करायचा तर आत बनवलेली प्रथिनं बाहेर पाठवावी लागतात. पण प्रथिनाचा रेणू मोठा असतो, पेशीच्या तेलकट पटलातून तो आपोआप पार होत नाही. म्हणून जिवाणू पटलात प्रथिनांचीच दारं बसवतात. यांना स्रावण यंत्रणा म्हणतात आणि त्यांचे किमान नऊ प्रकार आहेत. सर्वात गाजलेला तिसरा: साल्मोनेलासारखे जिवाणू चक्क सुई उभारून आतड्याच्या पेशींत प्रथिनं टोचतात.

टीबीच्या जिवाणूभोवती जाड, मेणचट आवरण असतं. त्याच्याकडे सातव्या प्रकारच्या पाच यंत्रणा आहेत, ईएसएक्स-१ ते ईएसएक्स-५. यातल्या ईएसएक्स-५ची बारीक रचना २०२१ मध्ये उलगडली: आतल्या पटलात सहा सारखे भाग गोलाकार बसलेले, मधोमध वाट आणि खाली ऊर्जा पुरवणारं मोटरसारखं प्रथिन.

खरी घातक मात्र ईएसएक्स-१. टीबीचा जिवाणू फुफ्फुसात शिरला की आपल्या संरक्षक पेशी त्याला गिळतात आणि एका पिशवीत कोंडतात. ईएसएक्स-१ मधून तो ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिनं बाहेर सोडतो. या यंत्रणेच्या जोरावर पिशवीची भिंत फुटते आणि कैदी मोकळा होतो.

बटाट्यावर वाढलेला जिवाणू

फ्रान्समधल्या लील शहरात काल्मेट आणि गेराँ यांनी १९०८ पासून गुरांच्या टीबीचा जिवाणू बटाटा, ग्लिसरीन आणि पित्तावर वाढवला. १३ वर्षांत तब्बल २३० वेळा तो नव्या बटाट्यावर हलवला. तिथे ना शत्रू, ना पिशवी. त्यामुळे ईएसएक्स-१चे जनुक गळून गेले तरी त्याचं काही अडलं नाही. १९२१ मध्ये ही लस पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली, तेव्हा नेमकं काय हरवलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डीएनएचा तो गायब तुकडा सापडला १९९६ मध्ये. जिवाणू सौम्य होण्याची इतरही कारणं आहेत, पण हे मोठं: तुकडा परत बसवला तेव्हा उंदरांमध्ये बीसीजी पुन्हा जास्त आक्रमक झाला.

याचा आज उपयोग काय?

जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. हातावर टोचून करायची जुनी मॅन्टू चाचणी बीसीजी घेतलेल्यांमध्येही कधीकधी पॉझिटिव्ह येते, कारण तिच्यातली बरीच प्रथिनं दोन्ही जिवाणूंत सारखीच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'साय-टीबी' या नव्या चाचणीत फक्त ईसॅट-६ आणि सीएफपी-१० वापरतात. बीसीजीकडे ती नाहीतच. त्यामुळे टोचलेल्या जागी कडक फुगवटा आला, तर तो लशीमुळे आला असं म्हणता येत नाही. टीबीचा संसर्ग झालेला असू शकतो. आजार प्रत्यक्ष आहे का, हे ठरवायला मात्र एक्स-रे आणि थुंकीची तपासणी लागतेच.