शाळेच्या प्रार्थनेमागचा कोकणी संगीतकार

लोटे एमआयडीसीतून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेची वाट धरली की चिपळूण, संगमेश्वर, कणकवली ओलांडून कुडाळ येतं. याच कुडाळ तालुक्यातल्या सोनवड्यात 9 जून 1912 रोजी वसंत कृष्णा देसाई जन्मले. तेव्हा हा मुलूख सावंतवाडी संस्थानात होता. पुढे तो रत्नागिरी जिल्ह्यात आला आणि 1981 मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. दशावतार, कीर्तन आणि भजन ही तिथली सांगीतिक शिदोरी. ती घेऊन हा मुलगा घराबाहेर पडला.

कोल्हापुरात 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली आणि वसंतराव तिच्यात दाखल झाले. पडेल ते काम करायचं, छोटी भूमिका मिळाली तर करायची, गायला सांगितलं तर गायचं, असे ते दिवस होते. ‘अयोध्येचा राजा’ (1932) या बोलपटात त्यांचा आवाज आहे. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशा दिग्गजांचं काम त्यांना जवळून पाहायला मिळालं. नाट्यसंगीतातली बंदिश पडद्यासाठी कशी आटोपशीर करायची, हे त्यांनी तिथेच आत्मसात केलं. व्ही. शांताराम यांनी प्रभात सोडून राजकमल कलामंदिर काढलं, तेव्हा ‘शकुंतला’चं (1943) संगीत वसंतरावांकडे आलं. पुढे ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (1946) आला आणि होनाजी बाळाची भूपाळी घरोघरी नेणारा ‘अमर भूपाळी’ही (1951).

‘झनक झनक पायल बाजे’साठी (1955) त्यांनी उस्ताद अमीर खाँसाहेबांना गायला लावलं. शीर्षकगीत अडाणा रागातलं. ज्या खाँसाहेबांचा विलंबित ख्याल ऐकायला मैफलीत बसावं लागे, त्यांचा आवाज आता गावोगावच्या तंबू थिएटरात घुमू लागला. पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मा यांचं संतूर वाजलं. चार वर्षांनी आलेल्या ‘गूंज उठी शहनाई’त उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई आहे. चित्रपटाला रागदारी झेपत नाही, हा समज वसंतरावांनी असा एकेका चित्रपटातून खोटा ठरवला.

‘गुड्डी’तली (1971) शाळेची प्रार्थना आठवून पाहा. शब्द गुलजारांचे, गायिका वाणी जयराम, चाल केदारच्या आधाराची. केदारचा जीव शुद्ध मध्यमात असतो. षड्जावरून थेट त्याच्यावर जायचं, ही या रागाची ओळख. मैफलीत गवई या एका स्वराभोवती बराच वेळ रेंगाळतो. इथे मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलांना पेलेल एवढंच वळण ठेवलं आहे. तानबाजी नाही, अवघड जागा नाही, तरी रागाचा रंग उतरत नाही. त्याच चित्रपटातल्या पपीह्याच्या गाण्यात त्यांनी मियाँमल्हार असाच सोपा करून दिला.

त्याआधीची दुसरी प्रार्थना ‘दो आँखें बारह हाथ’मधली (1957). भरत व्यासांचे शब्द आणि लता मंगेशकरांचा स्वर. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी चित्रपटाची कथा लिहिली होती. पडद्यावर कैद्यांसाठी असलेली ही प्रार्थना पुढे शाळाशाळांतून म्हटली जाऊ लागली.

खेड-दापोलीकडच्या वाचकांना आणखी एक धागा जवळचा वाटेल. साने गुरुजींचं पालगड रत्नागिरी जिल्ह्यातलं. गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी काढलेल्या ‘श्यामची आई’चं (1953) संगीतही वसंतरावांचंच. राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा हा पहिला चित्रपट. द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला भरजरी वस्त्र फाडून बांधल्याची गोष्ट आशा भोसले त्यात गातात. ती चाल ऐकताना जात्यावरची ओवी आणि कीर्तनातलं आख्यान दोन्ही आठवतात.

रंगभूमीवर ‘पंडितराज जगन्नाथ’ (1960) आणि ‘जय जय गौरीशंकर’ (1966) या नाटकांची पदं त्यांनी बांधली. 1966 च्या ऑक्टोबरात एम. एस. सुब्बुलक्ष्मी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात गायल्या. कांचीच्या शंकराचार्यांनी रचलेली विश्वमैत्रीची संस्कृत प्रार्थना त्यांनी तिथे सादर केली. तिला चाल होती सोनवड्याच्या वसंतरावांची.

22 डिसेंबर 1975 रोजी मुंबईत राहत्या इमारतीच्या लिफ्टच्या अपघातात त्यांचा अंत झाला.

शास्त्रीय संगीत लोकांपर्यंत न्यायचं तर ते पातळ करावं लागतं, असं अनेकांना वाटतं. वसंतरावांनी ते पातळ न करता सोपं केलं, आणि हेच त्यांचं सर्वांत मोठं काम. लोटे, खेड, चिपळूणच्या शाळांमधल्या गुरुजींना आणि बाईंना म्हणूनच एक विनंती आहे. येत्या 22 डिसेंबरला यांतली एखादी प्रार्थना मुलांकडून म्हणून घ्या. सुरुवात करण्याआधी, तिला चाल लावणारा माणूस आपल्या कोकणातला होता, हे त्यांना नावानिशी सांगा.