पाळी बदलली की पासवर्ड

सकाळी ६. बाबा भिलाई स्टील प्लांटमधून निवृत्त झाले, पण पहिल्या पाळीची जाग काही गेली नाही. जुनवानीतल्या आमच्या घरात पहिला चहा अजूनही तेच टाकतात. तो पितापिताच मी लॅपटॉप उघडला.

८.००. पुण्याच्या टीमचा निरोप. आमचा ग्राहक एक रुग्णालय. नर्सिंग काउंटरवर एकच कॉम्प्युटर. सकाळची सिस्टर घरी जाते, पण तिचं सिंगल साइन-ऑन चालूच राहतं. दुपारच्या सिस्टरनं दिलेल्या औषधाची नोंद सकाळच्या नावावर. म्हणून औषधाच्या पानावर पासवर्ड पुन्हा मागायचा.

९.३०. टमाटरची चटणी आणि चीला. खाताखाता विचार. सॅमल २.० हे सिंगल साइन-ऑनचं मानक २००५ सालचं. त्यात ॲप्लिकेशन ओळख-सर्व्हरला एक्सएमएलची चिठ्ठी धाडतं: 'हा माणूस कोण ते सांगा.' चिठ्ठी ब्राउझरच्या हातून जाते, हे ध्यानात ठेवायचं. आमच्याकडे ती स्प्रिंग सिक्युरिटी बनवतं, आतलं काम ओपनसॅमल या लायब्ररीचं. 'फोर्सऑथ्न', म्हणजे नव्याने ओळख पटवा, हा रकाना मुळात 'फॉल्स' असतो.

११.००. सहकारी म्हणाला, "ताई, तयार एक्सएमएलमध्ये 'ट्रू' टाकून देऊ ना!" नको रे बाबा. रीडायरेक्टनं पाठवताना चिठ्ठी दाबून, बेस-६४ करून पत्त्यात बसते आणि सही त्या पत्त्यातल्या मजकुरावर होते. नंतर एक अक्षर हललं तरी सही खोटी. बदल सहीच्या आधीच हवा, आणि त्यासाठी स्प्रिंग सिक्युरिटीत 'सेटऑथ्नरिक्वेस्टकस्टमायझर' आहे. चिठ्ठी अजून ऑब्जेक्ट असतानाच ती आपल्या हाती येते. शिवाय वेब-विनंतीही दिसते, त्यामुळे औषधाच्या पानापुरतीच अट घालता आली. रजेचा अर्ज बघायला पुन्हा पासवर्ड कशाला?

कोड चार ओळींचा. अर्धा तास गेला तो बिल्डमध्ये: ओपनसॅमल ४ची आम्हाला हवी ती आवृत्ती मेव्हन सेंट्रलवर नव्हती, शिबोलेथची रिपॉझिटरी जोडावी लागली.

१.३०. वरण-भात.

३.००. पासवर्ड विचारला गेला. ग्रुपवर टाळ्या. मला मात्र ब्राउझरमधला पत्ता खुपत होता. चाचणीच्या मांडणीत सही बंद होती. पत्ता उकलला, 'ट्रू'चं 'फॉल्स' केलं, पुन्हा बांधला. आत! पासवर्डबिसवर्ड काही नाही. बरं, उत्तरातला विनंती-क्रमांक तोच, त्यामुळे आमच्या बाजूला संशयही आला नाही. सही चालू केली. तरी ओळख-सर्व्हरनं आपलं ऐकलंच, हे कशावरून? त्याच्या सही केलेल्या उत्तरात 'ऑथ्नइन्स्टंट' असतो, म्हणजे ओळख कधी पटली ती वेळ. ती आमच्या चिठ्ठीच्या नंतरची नसेल तर प्रवेश नाही, अशी अट घातली. खरं काम हे होतं. 'ट्रू' लिहिणं कुणालाही जमतं.

४.४५. सहकाऱ्याचा कोड जोडला आणि सगळेच बाहेर. म्हणे ओळख चिठ्ठीच्या साडेपाच तास आधी पटली! साडेपाच म्हटल्यावर भारतीय प्रोग्रामरला दुसरीकडे बघावं लागत नाही. त्यानं कस्टमायझरमध्ये चिठ्ठीची वेळही स्वतःच भरली होती: घड्याळ इथलं, शिक्का यूटीसीचा. ती ओळख-सर्व्हरनंही निमूट चालवून घेतली होती. ओळ उडवली, स्प्रिंग सिक्युरिटी वेळ बरोबर भरतं. घड्याळांत थोडा फरक असतोच, म्हणून काही सेकंदांची सूट ठेवली.

७.३०. बाबांनी विचारलं, दिवसभर काय केलं. सांगितलं. ते म्हणाले, "गेटवरचा गार्ड मला नावानं ओळखायचा. पास तरी रोज बघायचा." मग थोडं थांबून, "कधीकधी बघायचाही नाही."

९.००. बदल उद्या दुपारी दोनच्या आत चढवायचा आहे. दोनला तिथे पाळी बदलते.